देवघराची वही

2016 च्या नवरात्रात, पहिल्या माळेच्या सकाळी, आम्ही तिघं लीड्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात उभे होतो. मातीच्या परातीभोवती तीन माणसं, आणि घटात किती धान्यं पेरायची हे एकालाही ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं सासूबाई आमच्यादेखत घट बसवत होत्या. मी माती चाळून द्यायचे, नवरा नारळ आणायचा, मुलगी फोटो काढायची. ते फोटो आम्ही त्या सकाळी भराभर उघडून पाहिले. फोटोत घट दिसत होता, विड्याची पानं दिसत होती, सासूबाईंचे हातही दिसत होते. मातीखाली काय आहे ते कुठल्याच फोटोत नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत त्या गेल्या होत्या.

बार्शीला सासूबाईंच्या भावाला फोन लावला. मामा म्हणाले, पाच धान्यं. मामी मागून म्हणाल्या, सात. आम्ही घरात होते ते गहू पेरले आणि त्या रात्री मी एक वही काढली.

ती वही गेली काही वर्षं चालू आहे. तिच्यात घरातली माणसं आहेत आणि घरातला देव आहे, दोन्ही एकाच पानावर, कारण आमच्या घरात ते कधी वेगळे नव्हतेच. परदेशात राहणाऱ्या कितीतरी घरांना असं काही लिहायचं असतं. सुरुवात होते आणि चार पानांवर थांबते. माझीही पहिली वही थांबली होती. दुसरी का चालली, ते मी इथे कृती म्हणून देते आहे.

साहित्य

दोनशे पानी, शिवलेल्या बांधणीची, रेघांची वही. सुट्या पानांची फाइल नको, पानं निघून जातात. एक साधं बॉलपेन, कारण शाईवर पाण्याचा थेंब पडतो आणि देवघराजवळ पाणी असतंच. आवाज टिपायला फोन. भिंतीवर लावायचं मराठी कॅलेंडर. आणि वही ठेवायला जागा: देवघराच्या खालचा कप्पा, जिथे वाती आणि कापूर असतो. कपाटात ठेवलेली वही कोणी उघडत नाही. हळदीच्या बोटांचे डाग पडलेली वही उघडली जाते.

संगणकावर का नाही, असं मला विचारतात. संगणकावर लिहिणारा एकटा असतो. वही उघडी पडलेली असली की जाणारा-येणारा वाकून बघतो, आणि "असं नव्हतं ते" असं म्हणतो. ते म्हणणं आपल्याला हवं आहे. म्हणून एक नियम पहिल्याच दिवशी करायचा: लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं सोडायचं. ते इतरांचं.

वाचक एकच

लिहायला बसण्याआधी एक माणूस ठरवायचा. "पुढच्या पिढ्यांसाठी" असं मनात धरलं की भाषण सुरू होतं; संस्कृती, परंपरा, संस्कार असे शब्द आपोआप येऊन बसतात आणि माणसं पानावरून निघून जातात. माझी पहिली वही त्यानेच मेली. दुसरी मी माझ्या मुलीसाठी लिहिली. ती 1997 ची, चार वर्षांची असताना आजी इथे आली, आणि आजी गेली तेव्हा ही अठरा वर्षांची. तिला आजीचं सगळं आठवतं, फक्त ते का आणि कसं होतं हे कळत नाही. एवढं ठरलं की काय सांगायला हवं आणि काय नको, याचा निम्मा निकाल लागतो. श्रावण म्हणजे काय ते तिला सांगायला लागत नाही. परडी म्हणजे काय ते सांगावं लागतं.

तिचं मराठी वाचन सावकाश आहे, एकेक अक्षर लावत. म्हणून मी अक्षर मोठं काढते, जोडाक्षरं सुटी करते आणि वाक्य लांबवत नाही. शब्द मात्र घरचेच ठेवते. कडाकण्या म्हणजे काय ते डाव्या पानावर लिहून ठेवलं तर चालेल, पण उजवीकडे "कडाकण्या" हाच शब्द हवा. तो सासूबाईंच्या तोंडचा आहे.

आधी हात, मग अर्थ

आता खरं काम. एक विधी निवडायचा, सगळ्यांत लहान. गणपती किंवा नवरात्र नव्हे. संध्याकाळचा दिवा घ्या. तो लागत असताना जवळ उभं राहायचं, आणि नंतर पाच गोष्टी लिहायच्या: कोणाचा हात, कोणती वस्तू, किती वाजता, घरात कुठे, आणि त्या वेळी कोण काय बोललं. बस.

माझ्या पहिल्या वहीत असं वाक्य होतं: "सायंकाळी देवापुढे दिवा लावल्यावर घरात मंगल वातावरण निर्माण होते." हे वाक्य कोणाच्याही घराचं आहे, म्हणून ते कोणाच्याच घराचं नाही. दुसऱ्या वहीत त्याच दिव्याबद्दल असं आहे: सासूबाई दिवा लावण्याआधी टीव्ही बंद करायला सांगत नसत, आवाज कमी करायला सांगत. वात लावली की काडी विझवायला फुंकर मारत नसत, हात हलवत. मग निरांजनाच्या प्रकाशात मुलीच्या शाळेच्या दप्तराकडे बघून विचारत, "डबा संपवलास का?" तो प्रश्न शुभंकरोतीइतकाच रोजचा होता. मुलीने ते पान वाचलं तेव्हा डब्याच्या प्रश्नाशी ती थांबली.

म्हणून हा नियम मी सगळ्यांना आग्रहाने सांगते: मंगल, पवित्र, प्रसन्न, भक्तिभाव हे शब्द पहिल्या लेखनात वापरायचेच नाहीत. ते खोटे आहेत म्हणून नाही. ते आले की डोळे मिटतात आणि आपल्याला डोळे उघडे हवेत. फुंकर न मारता हाताने विझवलेल्या काडीत अग्नीबद्दलचा सगळा आदर आहे. तो वेगळा सांगावा लागत नाही.

अर्थ लिहायचाच असेल तर सगळ्यांत शेवटी, आणि ज्याने सांगितला त्याच्या नावाने. "काडीला फुंकर मारू नये, तोंडाचं उष्टं लागतं, असं आजी म्हणायची." आजी म्हणायची, एवढं पुरेसं आहे. ते शास्त्रात आहे का, हा शोध या वहीचा नाही.

कुठला चंद्र?

लीड्समध्ये राहून घरचा देवधर्म लिहायचा तर प्रत्येक नोंदीवर दोन वेळा लागतात, पंचांगाची आणि इथल्या आकाशाची. हे मला उशिरा कळलं, पण वहीतली सगळ्यांत चांगली पानं याच खटपटीतून आली.

दिवेलागणीचं घ्या. डिसेंबरात इथे पावणेचारला सूर्य मावळतो. मुलगी शाळेतून यायच्या वेळीच तिन्हीसांजा झालेल्या असत. जूनच्या अखेरीला मावळतो रात्री नऊ चाळीसच्या सुमाराला, तेव्हा पोर झोपून गेलेलं असे. सासूबाई पहिल्या उन्हाळ्यात अंधाराची वाट बघत बसल्या, मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला: हिवाळ्यात अंधाराला दिवा, उन्हाळ्यात घड्याळात सात वाजता. हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. असे निर्णय म्हणजे घराचा धर्म. ते तारखेसह लिहून ठेवायला हवेत.

संकष्टीचं अवघड होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण ती मुंबईची किंवा भारतातल्या गावांची. लीड्सला जूनमधल्या संकष्टीला चंद्र उगवता उगवता मध्यरात्र होते. उलट सप्टेंबर-ऑक्टोबरात पौर्णिमेनंतरचा चंद्र रोज थोडाथोडाच उशिरा येतो, त्यामुळे तेव्हाची संकष्टी लवकर सुटते. इथले लोक त्या दिवसांतल्या पौर्णिमेला सुगीचा चंद्र म्हणतात, कारण शेतकऱ्यांना पाठोपाठच्या संध्याकाळी उजेड मिळत असे. उन्हाळ्यातल्या उपासाला मात्र सासूबाईंना मधुमेहाच्या गोळ्या घेऊन मध्यरात्रीपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तेव्हा फोनकार्डाचे दिवस होते, खरवडून आकडा काढायचा आणि मिनिटं मोजत बोलायचं. त्या बार्शीला भावाला फोन लावत आणि एकच विचारत, "आलाय का रे वर?" मामा गच्चीवर जाऊन येत. "आला बघ, अक्का." आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच, खिडकीत लख्ख ऊन. त्या बार्शीच्या दिशेला, म्हणजे आमच्या फ्रिजच्या दिशेला, हात जोडत आणि जेवायला बसत.

मुलगी आठ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "आजी, आपण कुठल्या चंद्राचं ऐकायचं?"

सासूबाई म्हणाल्या, "जो भावानं बघितलाय त्याचं."

हे मी जसंच्या तसं लिहिलं. त्याच्याखाली काही लिहिलं नाही.

थोडं कोरडं, पण लागणारं: नोंद करताना तिथीबरोबर महिना कोणत्या पद्धतीचा आहे तेही लिहा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतीयांचा पौर्णिमेला. त्यामुळे आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशी, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, दिवस तोच. लीड्सच्या अलेक्झांड्रा रोडवरच्या हिंदू मंदिरात निरनिराळ्या प्रांतांचे लोक येतात. तिथे कानावर पडलेला महिना आणि घरच्या कॅलेंडरातला महिना वहीत एकमेकांत मिसळले की वीस वर्षांनी वाचणारा गोंधळेल. शिवाय तिथी बदलायचा क्षण जगभर एकच असला तरी बहुतेक सण सूर्योदयाच्या तिथीवर ठरतात, आणि इथला सूर्योदय भारताच्या काही तास मागे. त्यामुळे एखादा सण इथे एक दिवस आधी येऊ शकतो. आम्ही बार्शीबरोबर करतो. दुसरं एखादं घर इथल्या सूर्योदयाने करत असेल. दोन्ही बरोबर, फक्त आपण काय करतो ते लिहिलेलं असावं.

फोन कसा करावा

वयस्कर माणसांकडून माहिती घ्यायची तर उन्हाळ्यात साडेचार तासांचा आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक लक्षात ठेवून त्यांची दुपारची झोप आणि रात्रीचं जेवण टाळायचं. आवाज टिपतो आहोत हे आधी सांगायचं. आणि "का" विचारायचं नाही.

"घट का बसवतात?" असं विचारलं की मामा कीर्तनकाराच्या आवाजात बोलायला लागतात. "माती कुठून आणायचात?" असं विचारलं की त्यांचा स्वतःचा आवाज येतो. माती शेतातली, काळी, बांधाजवळची. आणायला थोरला भाऊ जायचा. एका वर्षी पाऊस इतका झाला की माती चिखलच होती, ती चुलीजवळ वाळवली. हे सगळं "कुठून" या एका शब्दाने आलं. म्हणून प्रश्न असे ठेवा: कुठून, कोण, कशात, आधी काय, मग काय, संपल्यावर काय करायचं. संपल्यावरचा प्रश्न विसरू नका. विधीचा शेवट सांगायचा राहून जातो. घट उठल्यावर धान्याच्या कोंबांचं काय करायचं, हे सांगताना मामींनी सांगितलं की त्यांच्या आई ते दाराच्या चौकटीला खोचायच्या आणि मुलींच्या वेणीत घालायच्या.

दोन माणसं दोन गोष्टी सांगतील. पाच धान्यं की सात, याचा निकाल लावू नका. दोन्ही लिहा, नावासकट. एकदा मी एकच उत्तर बरोबर धरून दुसरं खोडलं, तेव्हा मामी दुखावल्या; त्यांच्या माहेरची रीत मी खोडली होती. घराण्याचा म्हणून जो कुळाचार आपण सांगतो, त्यात सुनांनी आणलेल्या कितीतरी घरांच्या रीती असतात. त्या खोडल्या की त्या बायकांचा उल्लेख कुठेच उरत नाही.

भारतात गेलात तर एक काम करा. नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडे जुन्या वह्या असतात. आपले आजे-पणजे यात्रेला आले तेव्हा त्यांनी आपल्या हाताने नावं लिहून दिलेली असतात. गाव आणि आडनाव सांगून त्यात आपलं घराणं सापडलं तर ते पान वाचून उतरवून घ्या, आणि खाली स्वतःचं नावही लिहून या, लीड्सचा पत्ता घालून. घरच्या वहीला जोड मिळते.

जोगवा

आता त्या पानाबद्दल सांगते ज्यासाठी मला ही वही लिहायची होती, आणि जे लिहायला मी तीन वर्षं घाबरत होते.

आमची कुलस्वामिनी तुळजाभवानी. नवरात्रात मंगळवारी किंवा शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, ही सासूबाईंची रीत. परडी त्यांनी बॅगेत कपड्यांच्या मधोमध घालून आणलेली, वेताची, सोबत कवड्यांची माळ. बार्शीत पाच घरं म्हणजे गल्लीतली पाच घरं. लीड्सला पाच मराठी घरं पाच वेगवेगळ्या उपनगरांत. पहिली काही वर्षं नवऱ्याने त्यांना गाडीतून फिरवलं. मग एका वर्षी त्या म्हणाल्या, "गाडीतनं कुठं जोगवा मागत्यात? गल्ली आहे की."

आम्ही तेव्हा हेअरहिल्सला बॅक-टू-बॅक घरात राहत होतो. लीड्सची ही जुनी विटांची घरं, पाठीला पाठ लावून बांधलेली, तीन भिंती शेजाऱ्यांच्या आणि एकच दार, ते सरळ रस्त्याकडे उघडणारं. कपडे वाळत घालायची दोरी रस्त्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. जोगव्याला याहून सोयीची गल्ली नव्हती. सासूबाई हिरवं लुगडं नेसून, त्यावर कोट घालून, परडी घेऊन निघाल्या. मी मागून, बोलायला. मुलगी नऊ वर्षांची.

पहिलं घर एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या यॉर्कशरच्या बाईंचं. मी जमेल तसं सांगितलं: देवीसाठी थोडं धान्य किंवा पीठ, पाच घरांतून. त्या आत गेल्या आणि दोन बटाटे घेऊन आल्या. सासूबाईंनी बटाटे परडीत घेतले, त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, त्यांनीही लावून घेतलं. दुसरं घर मिरपूरच्या पाकिस्तानी कुटुंबाचं. त्या बाईंना काही सांगावं लागलं नाही. मागणारी म्हातारी दारात आली की ओंजळ भरून द्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. तांदूळ दिले, कुंकू मात्र नको म्हणाल्या, आणि सासूबाईंनीही आग्रह केला नाही. तिसरं दार उघडलं नाही. चौथ्या ठिकाणी एक तरुण मुलगा हसला आणि त्याने जे म्हटलं ते मी तेव्हा सासूबाईंना सांगितलं नाही. तिसरं आणि चौथं मोजायचं नव्हतं, त्यामुळे पाचवं आणि सहावं घर धरूनही चारच झाली, म्हणून आम्ही आणखी एक दार पुढे गेलो.

आणि मुलगी? ती कोपऱ्यावरच्या खांबाजवळ, आमच्यापासून लांब, आम्ही तिचे कोणी नाही असं दाखवत उभी होती.

पुढच्या वर्षी त्या पहिल्या बाईंनी नवरात्र कधी आहे असं मला आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी कागदी पिशवीत पीठ बांधून तयार ठेवलं.

हे पान लिहिताना दोन मोह होतात. पहिला, त्या मुलाचं बोलणं गाळायचं आणि सगळा शेजार प्रेमळ होता असं लिहायचं. दुसरा, मुलीचं लांब उभं राहणं गाळायचं. दोन्ही गाळलं असतं तर पान गोड झालं असतं आणि मुलीने ते वाचून बाजूला ठेवलं असतं, कारण तिला खरं माहीत होतं. म्हणून कृतीतली ही पायरी कितीही नकोशी वाटली तरी करा: ज्या दिवशी घरातल्या कोणाला आपल्या देवाची लाज वाटली, तो दिवस लिहा. कोणी रागावलं असेल, कोणी उपास मोडून लपवला असेल, कोणी देवाला हात जोडायला नकार दिला असेल, तेही. या गोष्टी श्रद्धेच्या बाहेरच्या नाहीत.

न मानणाऱ्याचं पान

माझा नवरा नास्तिक आहे. तो नारळ आणतो, सोलतो, घटावर ठेवून देतो आणि हात जोडत नाही. मी सुरुवातीला त्याला वहीत "नारळ आणला" एवढीच जागा दिली होती. मग एकदा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे परत गेले आणि मला माझी चूक दिसली.

मराठीत संसार आणि धर्म एकत्र लिहायचे कसे, हे शिकायला मला त्याहून चांगलं पुस्तक माहीत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग परत आल्या, आणि 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुस्तक भागाभागाने 1934 पासून निघालं. मुलाने, देवदत्तांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या त्यातून ते उभं राहिलं. लिहिणारी बाई शाळेत गेलेली नव्हती. धर्मांतरासारखी घर फोडणारी गोष्ट, पण त्या वाद घालत बसत नाहीत. सोवळ्यापायी घरात येणारा जिन्नस न जिन्नस धुवून घेणारे वडील त्यांनी जितक्या प्रेमाने उभे केले, तितक्याच प्रेमाने धर्म सोडणारा नवरा. दोघांपैकी कोणालाही त्या मूर्ख ठरवत नाहीत. आणि स्वतःचं मन कसं बदललं ते त्या स्वयंपाकघरातल्या, पाण्याच्या, स्पर्शाच्या प्रसंगांतून दाखवतात.

त्यांच्याही आधी, सतराव्या शतकात, संत बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत नवऱ्याचा विरोध आणि तुकोबांची ओढ एकत्र सांगून ठेवली आहे. म्हणजे घरातला मतभेद लपवून भक्ती सांगायची अशी आपल्याकडची रीत नाही.

मग मी नवऱ्याला त्याचं पान दिलं. "तू हात का जोडत नाहीस ते लिही." त्याने लिहिलं नाही, सांगितलं, आणि मी उतरवून घेतलं. लहानपणी धाकटा भाऊ तापाने गेला तेव्हा घरात अनुष्ठान चालू होतं. इतकंच. सासूबाईंना हे माहीत होतं. त्यांनी त्याला हात जोडायला एकदाही सांगितलं नाही, आणि नारळ मात्र त्यालाच आणायला सांगितला, दर वर्षी. हे कळल्यावर "नारळ आणला" हे दोन शब्द मी तसेच ठेवले. आता ते पुरेसे होते.

चाळणी

लिहून झालं की दोन आठवडे त्या पानाला हात लावायचा नाही. मग तीन चाळण्या. ज्या जिवंत माणसाबद्दल लिहिलं त्याला ते पान वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला तर पान काढायचं, वाद न घालता. आजारपण, पैसा आणि नवरा-बायकोतलं भांडण हे ज्याचं त्याने सांगितलं तरच लिहायचं. लहान मुलांबद्दल जे त्यांना पंधराव्या वर्षी वाचून लाज आणेल ते थांबवायचं, मोठी झाल्यावर त्यांना विचारायचं. जोगव्याचं पान मी मुलीला वाचून दाखवलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "खांबाजवळ नाही, लाल पोस्टाच्या पेटीजवळ." मी दुरुस्त केलं.

वाचून दाखवणं मोठ्याने करा. मनात वाचताना निसटलेलं खोटं वाक्य आवाजात लगेच कळतं. जीभ तिथे अडते.

दर वर्षी थोडं

एका बैठकीत पूर्ण करायची ही वही नाही. वर्षातून चार-पाच नोंदी पुरतात. आमच्याकडे नवरात्रात रोज माळ चढवताना एक ओळ लिहितो: कशाची माळ, फुलं कुठून. बार्शीला कारळ्याच्या फुलांची माळ घालत. इथे बागेतला झेंडू ऑक्टोबरात संपत आलेला असतो, मग दुकानातली शेवंती. एका वर्षी शेजारच्या अंगणात पक्ष्यांच्या दाण्याच्या नळीखाली पिवळी फुलं दिसली, आणि मी वाकून पाहिलं तर कारळाच. इथे गोल्डफिंच पक्ष्यांसाठी नायजर म्हणून जे काळं, बारीक बी विकतात ते आपलं कारळं. सांडलेलं कधीकधी उगवतं आणि थंडीच्या तोंडावर फुलतं. शेजाऱ्यांना विचारून सात फुलं आणली. त्या दिवसाची नोंद एका ओळीत मावली नाही.

दसऱ्यानंतरच्या पाच दिवसांसाठीही एक पान ठेवा, निदान तुळजाभवानीच्या घरांनी. युद्ध करून दमलेली देवी दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजते, तिची श्रमनिद्रा. सासूबाई त्या दिवसांत घरात मिक्सर लावू देत नसत. चटणी खलबत्त्यात, तीही खालच्या पायरीवर बसून. मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरी करते, आणि त्या पाच दिवसांत फोनवर हळू बोलते. तिला विचारलं नाही का ते. लिहून ठेवलं.

गेल्या नवरात्रात ती सुट्टी काढून आली होती. मी माती चाळत होते. तिने वही काढली, पहिल्या माळेचं पान उघडलं, जिथे उजवीकडे मामांची पाच धान्यं आणि मामींची सात धान्यं लिहिलेली आहेत, आणि डाव्या पानावर पेनाने लिहायला लागली. देवनागरी अक्षरं, सावकाश, शाळेतल्यासारखी. मी परात पुसेपर्यंत तिच्या दोन ओळी झाल्या होत्या: "आजी सहा घ्यायची. सहावे राजगिरा, माझ्या मुठीने."